दोन बोटं दम

बीडहून वडवणीला निघालेल्या एसटीत कंडक्टरनं मला विचारलं, "हिचं हाफ काढू का फुल?"

ही म्हणजे माझ्या मांडीवर आडवी पडलेली, कपड्याच्या दुकानात उभी करतात ती डमी. बीडच्या एका दुकानदारानं दुकान नवं करताना तिला काढून टाकलं होतं, ती मी घेऊन निघाले होते. नाकाचा टवका उडालेला, रंग साबणाच्या वडीसारखा, आणि कंबर एवढीशी की माझ्या दोन तळहातांत मावावी. तिचे पाय जाण्यायेण्याच्या वाटेत गेले होते आणि सगळी गाडी आमच्या दोघींकडे बघत होती.

लोक बघायला लागले की मी एक करते. ओढणी पुढे ओढते, पोट आत घेते आणि श्वास धरून ठेवते. त्या दिवशीही तेच केलं. पण श्वास धरला की बोलता येत नाही, त्यामुळे कंडक्टरला उत्तर देता येईना.

"लगेज लावा की," शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "जेवत न्हाई, बोलत न्हाई... तिला माणसाचं तिकीट कावून लावता?"

गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. मी वळून पाहिलं. तिशीच्या आतला, सावळा माणूस. नखांच्या कडांना पांढरा रंग अडकलेला. मांडीवर सुतळीनं बांधलेलं खोकं होतं, ते त्यानं बाकाखाली सरकवलं आणि हात पुढे केले.

"पाय इकडं द्या," तो म्हणाला. मग थांबून, "...तिचे."

"कळलं मला," मी म्हणाले.

पाय त्याच्या मांडीवर, डोकं माझ्या मांडीवर, मधली कंबर दोन बाकांमधल्या मोकळ्या जागेत. अशी आमची ओळख झाली. घाटसावळी मागं पडली. मग त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून त्या कंबरेवरून वीत फिरवली, सुतार फळी मोजतो तशी.

"ही कितीक दिसाची उपाशी हाय?"

"काचेत उभं राहायला जेवावं लागत नाही."

"पर तुमच्या दुकानात येनाऱ्या बाया तर जेवून येत असतील."

मी विषय बदलून खोक्यात काय आहे ते विचारलं. त्यानं सुतळी सोडून झाकण वर केलं. भाताच्या तुसात दोन चेहरे ठेवलेले होते. भरल्या गालांचे, हनुवटीखाली वळी असलेले महालक्ष्म्यांचे मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सगळं होतं, फक्त डोळे नव्हते.

"डोळे सगळ्यात शेवटी," तो म्हणाला. "ज्याच्या घरी बसायच्या त्याच्या घरी जाऊन काढतो. तवर त्या कुनाला बगत न्हाईत."

त्याचं नाव उत्तरेश्वर. चौसाळ्याला त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तो एकटा. वडवणीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं न विचारता पायाकडची बाजू धरली, मी डोक्याकडची, आणि बाजारपेठेतून आम्ही तिला दुकानापर्यंत नेलं. रस्त्यावर टँकरपुढे घागरींची रांग लागली होती. रांगेतल्या बायका घागरी विसरून आमच्याकडे बघत राहिल्या. माझा श्वास दुकान येईपर्यंत आतच होता.

*

दुकान आईचं होतं. म्हणजे कागदावर ते सावली महिला शिवण सहकारी संस्थेचं, पण त्या संस्थेतल्या चोवीस जणींना मशीनवर बसवलं ते माझ्या आईनं, सुभद्राबाईनं. वडील मी तान्ही असतानाच गेले. आई झंपर शिवायची, मी तालुक्याच्या वाचनालयात काम करायचे आणि संध्याकाळी तिच्या मशीनशेजारी बसून तिला काहीबाही वाचून दाखवायचे. ती पौषात गेली. एक आठवडा ताप, आणि मग नाही. वाचनालय सोडून मी दुकानात बसायला लागले. मशीनवर हात ठेवला की चाक अजून तिच्या वेगानं फिरेल असं वाटायचं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आई असताना दुकानाला काच नव्हती, डमी नव्हती. बायका आईकडे यायच्या. ती गेल्यावर त्या यायच्या थांबल्या, आणि मला वाटलं, बीडच्या दुकानांसारखं मांडलं तर येतील. ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. जवळच्या साखर कारखान्याचा बॉयलर यंदा पेटणार नाही हे श्रावणातच ठरून गेलं होतं आणि ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्या दसरा होताच लांबलांब निघणार होत्या. जाण्याआधी बाई दोन झंपर शिवून घेते, कारण तिकडे फडात सहा महिने शिवणारं कुणी नसतं. टोळ्या निघायच्या आत बायका पायरी चढल्या तर आईचं दुकान राहणार होतं. नाहीतर नाही.

डमीला मी आमचा सगळ्यात चांगला खणाचा झंपर घातला. तो तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. आमच्या बायका खऱ्या मापावर शिवतात. मग मी पाठीमागून कापड गोळा करून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. नऊ लागले. समोरून ती राणी दिसत होती.

बायका येऊन काचेपुढे थांबायच्या, बघायच्या आणि जायच्या. चौथ्या दिवशी मी छबुबाईला हाक मारली. छबुबाई ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणारी, भरल्या अंगाची आणि मोकळ्या तोंडाची बाई. आईकडे पंधरा वर्षं तिचे झंपर असायचे.

"छबुमावशी, आत का येत नाही?"

"कुशे, ही पाव्हणी कोन?" तिनं काचेकडे हनुवटी केली. "तिला बगितलं की वाटतं, हितं आपल्या मापाचं काय नसनार. वर काचंत तिच्या शेजारी माजंच प्वाट दिसतं. मंग मी आपली माघारी जाते."

मी हसून घेतलं, पण ते मला लागलं. कारण मीही रोज सकाळी काच पुसताना तिच्या शेजारी स्वतःला बघत होते. माझं नाव कुशावर्ता, आणि शाळेत मला कुशा म्हणायच्या जागी पोरं काय म्हणायची ते सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी मला बघायला एक पाहुणे आले होते. चहा पिऊन मध्यस्थाजवळ म्हणाले, मुलगी शिकलेली आहे, वळणाची आहे, पण अंगानं जरा... वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. ते 'जरा'नंतरचं वाक्य मी पाच वर्षं रोज वेगवेगळ्या शब्दांत पुरं करत होते. नंतर आलेल्या कुणाच्याही पुढं मी उभी राहिले नाही. आईनं आग्रह केला नाही. एवढंच म्हणाली होती, "दम धर."

*

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी उत्तरेश्वर पुन्हा वडवणीत आला, कुणाच्या तरी घरी डोळे काढायला. जाता जाता दुकानात डोकावला आणि नेमका डमीच्या पाठीमागच्या बाजूनं आला. नऊ चिमटे त्यानं एकेक करून मोजले, आणि मला राग आला.

"हसायचं असेल तर हसा," मी म्हणाले.

"हसत न्हाई. तिच्या पाटीला किती दुकत असंल त्याचा इचार करतोय."

मग तो खरोखरच हसला आणि माझाही राग टिकला नाही. मी त्याला छबुबाईचं बोलणं सांगितलं. तो पायरीवर बसला आणि रस्त्यापलीकडच्या घराकडे बोट केलं. तिथं लक्ष्म्यांची तयारी चालली होती. पत्र्याच्या कोठ्या दारात धुवून ठेवल्या होत्या. त्यांत धान्य भरायचं, वर मुखवटा, आणि मग साडी नेसवायची.

"आता ह्या सालाला घरात खायाला जवारी मोजकी हाय," तो म्हणाला. "पर लक्ष्मीच्या पोटात कुनी कमी भरनार हाय का? बारीक लक्ष्मी बगितली का कदी? मंग काचंतली कावून बारीक?"

यंदा मंडळांनी छोटे गणपती घेतले होते, विसर्जनाला विहिरींत पाणीच नव्हतं. त्याच्या शेडमध्ये कागदाचा लगदा पडून होता. त्याचा लक्ष्मीसारखा, पण माणसाच्या मापाचा पुतळा करतो, तो म्हणाला. माप तेवढं द्या.

आमच्या संस्थेत सुईसुद्धा ठरावाशिवाय हलत नाही. आईनंतर अध्यक्ष झालेल्या केसरबाईंनी सभा बोलावली. दुकानात खऱ्या मापाचे तीन पुतळे असावेत असा ठराव आला. सूचक केसरबाई, अनुमोदक छबुबाई. सगळ्यांचे हात वर. मग केसरबाईंनी विचारलं, मापं कुणाची? सगळे हात खाली.

"माजं घ्या," शेवटी छबुबाई म्हणाली. "सारा फड बगतो मला. काचंनं काय नवीन बगायचंय?"

मग साखराबाई उठली, ती वाळक्या शेंगेसारखी. म्हणाली, एक बारीकबी पाहिजे, बारीक असणं काय गुन्हा नाही. ते सगळ्यांना पटलं. राहिला तिसरा पुतळा. केसरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते. मान खाली घालून मी लिहिलं – तिसऱ्या मापाबद्दल पुढील सभेत विचार करावा असे ठरले. तसं कुणीही म्हणालं नव्हतं.

*

परक्या माणसाला टेप लावू द्यायला कुणी बाई तयार होणार नव्हती. म्हणून मी त्याला आईची मापांची वही दिली. लाल बांधणीची. त्यात वडवणीची प्रत्येक बाई होती. नाव, आणि खाली आईच्या गोल अक्षरात आकडे. वही देताना माझा हात जरा वेळ तिच्यावरच राहिला. त्यानं ओढली नाही. मी सोडेपर्यंत थांबला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आला तेव्हा चेहरा गंभीर होता. पिशवीतून मातीचा वीतभर नमुना काढून त्यानं टेबलावर ठेवला. छबुबाईच होती, पण खांदे कानांपर्यंत वर ओढलेले, छाती फुगलेली, तोंड उघडं. आत्ताच कुणीतरी पाण्यातून वर काढल्यासारखी.

"हे असं का?" मी विचारलं.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या गावात समद्याच बायांना दमा हाय का?"

"दमा?"

त्यानं वही उघडली. "हे बगा. छबुबाई – छाती बेचाळीस, दम दोन बोटं. साखराबाई – दम दोन बोटं. ही सुंदरबाई... हिला तर अडीच बोटं. आता दमेकरी मानूस कसं बसतं ते मला ठाऊक हाय, आमचे आजोबा व्हते. म्हनून खांदे वर घेतले."

मी हसले. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी अशी हसले नव्हते, हे मला हसून झाल्यावर कळलं. तो माझ्याकडे बघत होता. आपली चूक झाल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं, उलट अजून एखादी करायला तो तयार दिसत होता.

मग मी त्याला सांगितलं. दम हा आईचा शब्द. माप माणसाचं घ्यायचं, त्यात दोन बोटं दम सोडायचा आणि वहीत आकडा दमासकट लिहायचा. श्वास घ्यायला, भाकरी थापायला, कोयता उचलायला. बाई जेवढी आहे तेवढाच झंपर शिवला तर तो फक्त उभं राहण्याच्या कामाचा, असं ती म्हणायची.

त्यानं वही मिटली. मग त्यानं मातीच्या छबुबाईचे खांदे अंगठ्यानं हळूच खाली दाबले. तिनं सुस्कारा टाकल्यासारखं झालं.

"म्हंजे मला मापातून दम वजा करावा लागंल," तो म्हणाला. "पर बोटं कुनाची?"

"आईची."

"ती कशी मोजायची?"

"माझी बोटं तिच्यासारखीच आहेत."

त्यानं टेप टेबलावर पसरला. मी दोन बोटं त्यावर ठेवली. तो वाकून आकडा बघत राहिला. त्याच्या हाताला मेथीचा वास येत होता. कागदाच्या लगद्याला कीड लागू नये म्हणून मेथी वाटून घालतात, हे मला नंतर कळलं. बाहेर बाजाराचा आवाज होता, आत टेपवर माझी दोन बोटं आणि त्यांच्या शेजारी, जराशी लांब, त्याचं एक बोट.

"सव्वा इंच," तो म्हणाला.

"मग लिहून घ्या."

"घेतो... गडबड काय हाय?"

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, वहीच्या शेवटच्या पानावर नाव नाही, नुसतं 'माझी' असं लिहिलंय, ते आईंचं माप का?

ते पान मला माहीत होतं. आई गेल्यावर वही आवरताना तो एक शब्द दिसला होता आणि मी वही मिटली होती. तिचं शरीर आकड्यांत वाचायची माझी ताकद नव्हती.

"हो," मी म्हणाले.

"मंग तिसरी त्यांची करू?"

जिनं दुकान उभं केलं ती दुकानात उभी. मला हे आधी कसं सुचलं नाही. "करा," मी म्हणाले. आवाज नीट आला असावा.

*

तो नंतर दर बाजाराला आला. लगद्याला कागद कमी पडतो म्हणून मी वाचून झालेली वर्तमानपत्रं त्याला देऊ लागले, गठ्ठेच्या गठ्ठे. एकदा म्हणाला, पुतळ्यांच्या पोटात आता सगळं तुम्ही वाचलेलंच आहे. मी विचारलं, त्याला वाचायला आवडतं का? म्हणाला, भिजवायच्या आधी वाचतो. तुम्ही पेन्सिलीनं खुणा केलेल्या असतात ते आधी. मग ते तुकडे भिजवायला जीव होत नाही, बाजूला ठेवतो. तेव्हापासून मी खुणा जरा जास्तच करायला लागले.

कधी कधी तो काही काम नसताना येऊन बसायचा. मी म्हणायचे, चौसाळ्याहून इकडे यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, एवढा खटाटोप कशाला. तो म्हणायचा, लगदा वाळायला वेळ लागतो. तो वडवणीत बसल्यानं लवकर वाळतो का, हे मी विचारलं नाही. छबुबाईनं विचारलं.

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी टेम्पो आला. जुन्या चादरींत गुंडाळलेले तीन पुतळे. दुकानात बायका आधीच जमल्या होत्या. पहिली चादर काढली आणि छबुबाईनं स्वतःकडे बघितलं. खांदे सैल, दंड भरलेले, पोटाची वळी आहे तशी, एक हात कमरेवर. ती पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली.

"एवढी काय वाईट दिसत न्हाई की मी," ती म्हणाली, जणू कुणाशी तरी पंधरा वर्षांचा वाद मिटवावा तशी.

दुसरी साखराबाईच्या मापाची, बारीक, पण ताठ. तिसऱ्या चादरीला मी हात लावू दिला नाही. आईची जांभळी इरकल घडी घालून माझ्या हातात होती. ती नेसवायची, मग सगळ्यांना दाखवायची, असं मी ठरवलं होतं. चादर मी एकटीनं सोडली.

आतली बाई आई नव्हती. आई चणीनं लहान, काडीसारखी होती. ही उंच होती. भरले खांदे, रुंद कंबर, भक्कम दंड. मान किंचित पुढे, काहीतरी वाचता वाचता वर बघावं तशी. डोळे कोरे होते.

"माप चुकलं," मी म्हणाले. "आई अशी नव्हती. तुम्ही पान चुकलात."

उत्तरेश्वर पुढे झाला. त्यानं पिशवीतून वही काढून शेवटचं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. पण माझ्या आधी माझ्या मागून छबुबाई बोलली, अगदी साध्या आवाजात.

"आगं, ही तर कुशा हाय."

मी वाचलं. माझी. खाली आकडे. आणि आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात: दम चार बोटं. माप घेताना श्वास धरते.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि एवढं साधं वाचता आलं नाही. माप असतं ते माझं. आईनं 'माझं' लिहिलं नव्हतं, 'माझी' लिहिलं होतं. स्वतःचं माप तिनं कधी घेतलंच नव्हतं. वहीतल्या सगळ्या बायकांना नावं होती, मला नाव लिहायची तिला गरज पडली नव्हती. आणि मी पोट आत घेऊन उभी राहायचे ते तिला दर वेळी कळत होतं. ती काही म्हणायची नाही. फक्त दोन बोटं जास्त सोडायची.

मी इरकल उलगडली आणि नेसवायला घेतली. निऱ्या सारख्या करायला केसरबाई खाली बसल्या. लुगडं त्या खांद्यांवर असं बसलं, जसं आईच्या खांद्यांवर कधी बसलं नव्हतं.

*

घटस्थापनेला काच उघडली. संध्याकाळपर्यंत बायका पायरीवर उभ्या होत्या. ज्या कधी आत आल्या नव्हत्या त्या आत येऊन म्हणत होत्या, त्या हात कमरेवर असलेलीच्या मापाचं दाखवा. बीडची डमी चिमट्यांसकट मागच्या खोलीत गेली. नऊ दिवस सगळ्या मशीनी चालू होत्या.

पाचव्या माळेला उत्तरेश्वर डोळे काढायला आला. छबुबाई आणि साखराबाई ऐटीत समोर बसल्या, त्यांचे झाले. दुपार उलटली होती, बायका जेवायला गेल्या होत्या. त्यानं बारीक कुंचला पाण्यात बुडवला.

"आता तुमी."

"मला बघूनच पाहिजे का? अंदाजानं काढा."

"अंदाजानं डोळे काढत न्हाईत. समोर बसावं लागतंय."

मी आईच्या मशीनच्या स्टुलावर बसले. पाच वर्षांत मी कुणाच्या समोर अशी बसले नव्हते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुंचला खाली ठेवला.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"न्हाई सोडला. एसटीत बी धरला व्हता. बीडपासून धरला, मधी दोनदा सोडला. एकदा मला बोललात तवा आन् एकदा लक्ष्म्या बगितल्या तवा."

"तुम्ही मोजत होतात?"

"मंग दुसरं काय करनार? मांडीवर तिचे पाय व्हते, हलता येत नव्हतं."

मला हसू आलं, आणि हसताना श्वास सुटला. त्यानं पटकन कुंचला उचलला. मी म्हणाले, तुम्हाला माहीत होतं. ते पान कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत होतं.

"पयल्यांदा न्हाई," तो पुतळ्याकडे बघत म्हणाला. "खांदे झाले तवा वळखीचे वाटले. मंग खालची बारीक ओळ वाचली... श्वास धरते. तवा कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या आईनं सांगितलेलं मधी पडून मी कावून सांगू?"

बाहेरून टँकरचा भोंगा आला. एका डोळ्याची वरची रेघ पुरी झाली. मी त्याला त्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. अंगानं जरा... एवढंच म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं, मी म्हणाले.

त्यानं विचार केला. "जरा न्हाई. भरलेल्या हायत तुमी. मला मापात खोटं बोलता येत न्हाई." कुंचला दुसऱ्या डोळ्यावर थांबला. "...आन् इतके दिस मी त्या मापात राहिलोय. सकाळी उठलं की ते खांदे, झोपताना त्या मानेचा वळसा. आता दुसरं काय घडवायला घेतलं तरी हात तिकडंच जातात. तुमाला चालंल का?"

"काय चालेल का?"

"मी तुमाला बगायला आलो तर. रीतसर. चहा बी पिऊन जाईन."

"आत्ता काय करताय मग?"

"आत्ता कामावर हाय," तो म्हणाला, आणि कान लाल झाले त्याचे. माझेही झाले असावेत. पण मी ओढणी पुढे ओढली नाही, हे माझ्या लक्षात आलं. हात मांडीवर तसेच होते.

"दम धरा," मी म्हणाले.

"किती?"

मी दोन बोटं वर केली. त्यानं ती नीट बघून घेतली, टेपवर बघितली होती तशी, आणि दुसरा डोळा पुरा केला. कुंचला बाजूला झाला. काचेजवळ आईच्या जांभळ्या लुगड्यात उभी असलेली ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे.

दारात भांड्याचा आवाज झाला. जेवून आलेल्या केसरबाई आणि छबुबाई केव्हापासून तिथं उभ्या होत्या कोण जाणे. केसरबाई म्हणाल्या, हिच्यावर आता घरात मोठं कुणी नाही, तेव्हा या पोरीचा ठराव संस्थेलाच करावा लागेल, सूचक मी. "आन् अनुमोदक मी," छबुबाई म्हणाली. "टोळी जायच्या आत उरका. मला जेवून जायचंय."

ती जेवून गेली. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी वाचनालयाच्या पटांगणात आमचं लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टोळीचे ट्रक निघाले. ट्रकवर बसलेल्या बायकांच्या अंगावर नवे झंपर होते. छबुबाईनं वरून हात उंच करून हलवला. काखेत कुठे ओढलं नाही.

त्या दिवशी दुकानात येऊन मी उत्तरेश्वरला उभं केलं. दिवाळीचा सदरा शिवायचा होता. छाती, खांदा, बाही. मी टेप लावला तेव्हा तो एकदम ताठ झाला.

"श्वास सोडा," मी म्हणाले.

"सोडलाय."

"नाही सोडला."

त्यानं सोडला. मेथीचा वास आला. मी लाल वही उघडली, आईच्या शेवटच्या पानापुढचं कोरं पान काढलं. आकडे लिहिले. खाली दम दोन बोटं. मग वर नाव लिहायला पेन नेलं, थोडी थांबले, आणि नाव न लिहिता एकच शब्द लिहिला.

माझा.